उसन्या उवा

रविवारी सकाळी दहा वाजता वानरी टीव्हीतून बाहेर आली आणि माझ्या मुलीच्या उवा काढायला बसली.

माकडीण नव्हे, वानरी. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. मी आतून फणी आणि पांढरा टॉवेल घेऊन आले, तेव्हा मनवाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मनवा आठ वर्षांची, आमची एकुलती एक. दर रविवारी तिच्या उवा मी काढते. टीव्हीवर जंगलातल्या वानरांचा माहितीपट लागला होता आणि वानरी जिथे बसली होती ती फांदी आता रिकामी हलत होती.

"या कळपात पिल्लू एकट्या आईचं नसतं," माहितीपटातला माणूस मऊ आवाजात सांगत होता. "माद्या ते एकमेकींकडे देतात. आईला तेवढीच विश्रांती."

मी विश्रांती मागितली नव्हती.

"मनवा, इकडे ये."

"थांब ना आई. ही टोचत नाही."

यांनी पेपर वाचता वाचता पाय वर घेतले, कारण शेपटी खालून जात होती. "होऊ दे की," हे म्हणाले. "रविवार उवांत जातो, असं तूच म्हणतेस ना?"

"आज उवा काढतेय. उद्या चहाही तीच करेल."

"करू दे."

ती पुढच्या रविवारीही आली. सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये आमच्याकडे नऊ फरश्या होत्या, त्या दिवशी आठ भरल्या. केर काढायला एक कमी, म्हणून मी गप्प बसले. तिसऱ्या रविवारी सात होत्या आणि टीव्ही बंद असूनही ती बाहेर आली. आवाजही आला. "कळप फांदी फार दिवस रिकामी ठेवत नाही," तो माणूस म्हणाला.

मला हेवा वाटत होता, हे सरळच सांगते. उवांचा नाही. शाळेत काय झालं असं मी विचारलं की मनवा "काही नाही" म्हणते. फक्त फणी डोक्यात असली की बोलते. कोण कुणाशी कट्टी, बाई कुणाला ओरडल्या, डबा कुणी खाल्ला. माझा सगळा आठवडा त्या अर्ध्या तासावर चालायचा. आता ते सगळं वानरीला कळत होतं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत कान लावून उभी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी उवा नखावर चिरडते, तर ही खाते. तेही मनवाला आवडायचं.

चौथ्या रविवारी मी सातलाच मनवाला उठवून उन्हात बसवलं. भांग पाडपाडून पाहिलं, कानामागे पाहिलं. टॉवेलवर काही पडलं नाही. एक लीखसुद्धा नाही.

"संपल्या आई," मनवा म्हणाली. "आता तुला काढायला नाही लागणार."

दुसरी एखादी आई पेढे वाटत सुटली असती. मी काडेपेटी रिकामी केली आणि खालच्या मजल्यावर कुंदाताईंकडे गेले. त्यांच्या नातीचं डोकं सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

"उवा हव्यात," मी म्हटलं.

"लोक साखर मागतात गं." पण त्यांनी नातीला हाक मारली. "किती?"

"सात पुरे. परत करते."

"राहू देत," कुंदाताई म्हणाल्या.

दुपारी मनवा सोफ्यावर झोपली होती. हॉलमध्ये तेव्हा तीनच फरश्या उरल्या होत्या, म्हणून मी भिंतीला चिकटून तिच्यापर्यंत गेले. काडेपेटी तिच्या केसांत उघडली आणि सातही आत सोडल्या. खाली वाकून बघत राहिले, नीट चढल्या का म्हणून. पण उवेला तापलेलं डोकं आवडतं, आणि त्या घरात सगळ्यात तापलेलं डोकं माझं होतं.

पुढच्या रविवारी एकच फरशी होती. मी आधीच सोफ्यावर टॉवेल पसरून बसले. वानरी आली, तिने मनवाचा भांग पाहिला आणि सोडून दिला. मग माझ्याकडे पाहिलं. तिने हात माझ्या मानेवर ठेवला आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. तिला वाळलेल्या पाल्याचा वास होता.

माझ्या केसांत शेवटची बोटं फिरली ती आईची, लग्नाच्या आदल्या रविवारी. त्याला बारा वर्षं झाली. मी वानरीला ते सांगितलं. मग बाकीचंही सांगायला लागले.

"आई, ऊठ," मनवा म्हणाली. "ती माझी जागा आहे."

"थांब गं."

"आई."

"झालंच."

समोर टीव्हीत रिकामी फांदी हलत होती आणि फांदीच्या बाजूच्या माद्यांनी हात पुढे केले होते. मनवाने चपला काढून नीट जोडून ठेवल्या. एक फरशी ओलांडली. एक पाय टीव्हीत ठेवला आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मला ते सगळं दिसत होतं. तिला हाक मारायची, हेही मला कळत होतं. वानरीचं बोट कानामागे पोचलं होतं.

"आलेच," मी म्हटलं, "एवढी एकच बाजू राहिलीय." आणि डोकं दुसऱ्या कुशीवर वळवलं.