सकाळचा रकाना

“नजीरभाई, आणा ती बाटली. खालच्या कप्प्यात ठेवा. औषधच हाय, दही न्हाई,” सुलक्षणा सिस्टर म्हणाल्या.

“न्हाई ताई. दारावर काय लिवलंय?”

फ्रीजच्या दारावर लिहिलं होतं, ‘लसींखेरीज काहीही ठेवू नये.’ तो कागद मीच डकवला होता.

धरणाच्या मागच्या अंगाला आमचं आरोग्य उपकेंद्र. मी तिथला शिपाई. दोन हजार पाच साली गावातली वीज दिवसाला बारा-बारा तास जायची. लसींचा फ्रीज मात्र सोलरवर चालायचा. छपरावरच्या काचा पुसायच्या आणि सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान तक्त्यात लिहायचं, हे माझं काम.

आदल्या वर्षी गावातल्या गेनबानं म्हशीचं इंजेक्शन आत ठेवलं होतं. ते मी चार माणसांसमोर बाहेर काढलं. “काचा पुसून सायेब झालास व्हय रं?” तो म्हणाला होता. आता बायकोचं इन्सुलिन मी कोणत्या तोंडानं ठेवणार?

खुर्शिदा दाराशी उभी होती. “राहू द्या ताई,” ती हसून म्हणाली. “तो फ्रीज म्हंजे यांची दुसरी बायकू. सवतीच्या घरात म्या कशाला जाऊ?”

तिची बाटली घरी ओल्या वाळूतल्या मडक्यात राहिली.

एप्रिलात पोलिओच्या फेरीला मी तीन दिवस वाड्यावस्त्यांवर होतो; तेवढे दिवस तक्ता सिस्टरांनी लिहिला. खुर्शिदा तापानं पडून होती. वाळूवर पाणी कोणी शिंपडलं नाही. परत आलो तेव्हा मडकं हाताला गरम लागलं. बाटलीत कण्या धरल्या होत्या.

“हेच टोचलंस?”

“मग काय करू? दुसरी काय हितं मिळती व्हय?”

पहाटेपासून तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळी श्वास जोरात चालू लागला. भोरच्या दवाखान्यात न्यायला गावात जीप एकच, गेनबाची. निरोप मिळताच तो जीप घेऊन आला. खुर्शिदाला आत बसवलं आणि मी उपकेंद्राकडे धावलो. कुलूप काढलं, तापमान पाहिलं. चार. लिहिलं, सही केली.

“नजीर, आरं चल की!” गेनबा हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता.

भाटघरच्या जवळ तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. मी गेनबाला सांगितलं नाही. थोड्या वेळानं त्यानंच हॉर्न वाजवायचं थांबवलं.

जूनमध्ये तपासणीला साहेब आले. तक्ते चाळून खूश झाले. मग एप्रिलातल्या एका तारखेवर त्यांचं बोट थांबलं.

“सगळं चोख आहे. ही एक संध्याकाळ तेवढी राहिली. त्याच दिवशी सकाळचं आहे की. पाच लिहून टाका.”

सिस्टर खिडकीबाहेर बघू लागल्या.

साहेबांनी पेन पुढं केलं. मी ते घेतलं नाही.

“त्या सांजंला मी हितं नव्हतो, सायेब.”

तो रकाना कोरा आहे. वरच्या रकान्यात चार आहे. अक्षर माझं आहे.