थंड हातांची हॅना

हॅनाच्या थडग्याशी लावायच्या पाटीवर काय लिहायचं, ते ठरवायला आमच्या समितीची बैठक होती. विनीबाईंनी मला आधीच बजावलं होतं, "मास्तर, आज तोंड उघडलं नाहीस, तर माझ्या मयताला येऊ नकोस."

विनीबाई, म्हणजे विनिफ्रेड रेस्ट्रिक, या हॅनाच्या वंशातल्या शेवटच्या. त्यांची जागा हॅनाच्या शेजारीच राखलेली आहे. म्हणजे जी पाटी लागेल तिच्याखाली त्यांना कायमचं पडून राहायचंय. "जन्मभर त्या पणजीवरून बोलणी खाल्ली," त्या म्हणायच्या. "मेल्यावर तरी नकोत."

सगळा घोळ एका ओळीचा आहे. कवी टोबायस हेस्केट आमच्याच खोऱ्यातला, गिरणीवाल्याचा मुलगा. पंचविशीतच तापाने गेला, आणि मागे ठेवून गेला, "हॅना, तुझे थंड हात, ज्यांना कसलीच आच लागत नाही." हॅनाने पुढे लोहाराशी लग्न केलं, चार मुलं वाढवली, म्हातारी होऊन मेली. लंडनच्या विद्वानांनी निकाल दिला की ही दगडाच्या काळजाची, हिनेच पोराचा जीव घेतला. माझ्या आजीच्या लहानपणी लोक लांबून येऊन तिच्या थडग्यावर थुंकत. वडिलांच्या काळात थंड म्हणजे पवित्र असं निघालं, आणि बाई देवदूत होऊन बिस्किटांच्या डब्यांवर जाऊन बसली. मग ती बिचारी झाली. आता ती नकार देणारी शूर बाई आहे आणि चहाच्या कपांवर मूठ वळून उभी असते. तिचं चित्र कुणी कधी काढलेलंच नव्हतं. तरी प्रत्येक वेळी नाक नवं.

आणि आमच्याकडे थंड हात म्हणजे काय, ते कुठल्याही दूधदुभत्याच्या घरात विचारा. लोणी मळायला हात थंड लागतो. गरम हाताखाली लोण्याचं तेल होतं. मुलगी बघून आलेली आई शेजारणीला सांगायची, "पोरीचा हात थंड आहे हो." मग आणखी काही विचारायचं उरत नसे. टोबायस रडत नव्हता. मागणी घालत होता! विद्वानांची पुस्तकं वाचताना इतकी वर्षं मी एकटाच चिडत आलो आहे. कधी वाटतं, एवढे शिकलेले लोक म्हणतात तर आपलंच चुकत असेल.

अध्यक्षीण गार्थबाई इथल्या मुलाशी लग्न करून लंडनहून आलेल्या. मनाच्या चांगल्या. त्यांनी मजकूर वाचला, "जिने कवीला नकार दिला, ती इथे विसावली आहे."

मी हात वर केला. "मला वाटतं... अर्थात माझं चुकतही असेल..."

"चुकत असेल तर पुढे सरकू या," खाटीक डॉब्सन म्हणाला. "मला दुकान आहे."

विनीबाईंनी काठी आपटली. "मास्तर!"

"लोणी," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मात्र मी सांगून टाकलं, अडखळत, दोनदा तेच तेच.

"किती गोड!" गार्थबाई म्हणाल्या. "पण हेही एक मतच झालं, नाही का?"

"मत?" विनीबाई उठल्या. "हात द्या इकडे." त्यांनी गार्थबाईंचा पंजा धरला. "शेगडी आहे नुसती! तुमच्या सासूने कधी काही म्हटलं नाही?"

"म्हटलं की. लग्नाच्या दिवशीच. माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'काय गरम हात आहे हो सूनबाईचा!' मी तर त्यांचा मुकाच..." गार्थबाई थांबल्या.

डॉब्सन टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"म्हणून त्यांनी मला कधी लोण्याला हात लावू दिला नाही," गार्थबाई हळूच म्हणाल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "मला वाटायचं, लाड करताहेत."

त्यांनी स्वतःच आधीची ओळ खोडली. पाटी लागली, "हॅना रेस्ट्रिक. साऱ्या खोऱ्यात हिच्याइतका थंड हात नव्हता. हिच्या लोण्याला तोड नव्हती."

मला वाटलं, सुटलो. उन्हाळ्यात प्रवासी आले, त्यांनी पाटी वाचली आणि थडग्यावर लोणी ठेवायला सुरुवात केली. कुणी फुलाच्या आकाराचं, कुणी दुकानातलं कागदासकट. उन्हात ते वितळून दगडावरून ओघळतं. गावातली कुत्री तिथून हलत नाहीत. दगड इतका तेलकट झालाय की पाद्रीसाहेब घसरले, आणि आता ते माझ्याशी बोलत नाहीत. एका विद्वानाने तर लेखही लिहिला, लोणी हे कशाचं प्रतीक आहे म्हणून.

मी विनीबाईंना घेऊन तिथे गेलो, मान खाली घालून. "मी नसतो बोललो तर बरं झालं असतं."

"गप रे." त्यांनी वाकून एका गोळ्याला बोट लावलं, चाखलं, आणि तोंड वाकडं केलं. "मीठ जास्त. ताकही नीट काढलेलं नाही. म्हातारीने फेकून दिलं असतं." मग आपल्या राखलेल्या जागेवर त्यांनी काठी टेकवली. "झोपेन मी इथे. पण पाटीवर आणखी एक ओळ घाल, मास्तर."

"कुठली?"

"दुकानातलं आणू नये."