आधी गार होऊ दे

माझ्या भाचीला बँडमध्ये घेणार की नाही, हे त्या दुपारी ठरणार होतं. आणि मी बनवलेल्या डब्याने तिची पार वाट लावली होती.

डबा म्हणजे फझ पेडल. पायाने दाबलं की गिटारचा सूर खरखरीत, भरदार होतो. आतले दोन जुनाट ट्रान्झिस्टर माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातले. आठवडाभर खपून मी व्होल्टेज बरोब्बर साडेचार व्होल्टवर आणलं आणि फुशारकी मारली, "माझ्या टेबलावर वाजलं म्हणजे कुठेही वाजेल!"

तालमीच्या खोलीत एसी दणकून चालू. भाचीने तार छेडली, तर नाक चोंदल्यासारखा आवाज! ड्रमर त्या बँडचा म्होरक्या. तो म्हणाला, "ताई, बाहेर अजून एक गिटारवाला बसलाय."

"वीस मिनिटं द्या," मी म्हटलं आणि मीटर लावला. सव्वातीन! डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुकानातल्या दिव्याखाली ट्रान्झिस्टर शेकून निघाले होते आणि मी शहाणी तिथेच माप घेत बसले होते. असले जुने ट्रान्झिस्टर तापले की वेगळे, गार पडले की वेगळे; इथल्या गारठ्यात सगळं गणित फिसकटलं. तीस वर्षं रेडिओ उघडतेय, शोभतं का हे?

व्होल्टेज जुळवायचा आतला स्क्रू काढून मी त्या जागी बाहेरून फिरवायचं बटण बसवलं. सोल्डरिंगचा डाग देऊन झाला तसा ड्रमर उठला, "चला, वाजवा."

"हात लावू नका! आधी गार होऊ दे," मी खेकसले. ट्रान्झिस्टर पुन्हा तापलेच होते ना. डबा उचलायला गेले, तर भाचीने माझा हात बाजूला सारला.

"मावशी, तुझे हात गरम आहेत!"

ड्रमर घड्याळ बघत राहिला, आम्ही दोघी डब्याकडे. मग तिने बटण हळूहळू फिरवलं. "साडेचार! बस्स!" मी म्हटलं. ती थांबेचना.

"मीटर ठेव आता. कान माझे आहेत."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण तिने आणखी जरासं फिरवलं, तार छेडली आणि खोलीच्या काचा थरारल्या. जाडजूड, गोड, लांबच लांब सूर, विझताना गुणगुणणारा. कुणी न सांगता ड्रमरने काठ्या उचलल्या आणि दोघं सुटलेच.

वाजवणं थांबलं तेव्हा तो घामेजला होता. दार उघडून बाहेरच्या गिटारवाल्याला म्हणाला, "दादा, माफ करा. जागा भरली."

मी मीटर पिशवीत टाकला आणि सगळ्यांदेखत रडले.