आधी ओलं करा

मानवजातीत दोनच वर्ग आहेत, चिकटवणारे आणि काढणारे. चिकटवणाऱ्यांचे पुतळे उभे राहतात आणि काढणाऱ्यांच्या हाती बादली उरते, असा सिद्धांत भिजवे यांनी सकाळी आठ वाजता चहाच्या टेबलावर मांडला. ऐकायला टेबलाशी कोणी नव्हते. तरीही ते पुढच्या मुद्द्याकडे वळणार, इतक्यात बाथरूममध्ये चपलेचा सणसणीत फटका बसला आणि त्यांच्या बायकोचा समाधानी आवाज आला, "मेली. गोम होती."

ती गोम नव्हती. ती त्यांच्या सुनेची डाव्या डोळ्याची खोटी पापणी होती, आणि तोंड धुताना ती बेसिनमध्ये निसटून पडली होती. उजवी अजून जागेवर होती आणि तिथून हलायला तयार नव्हती.

भिजवे हे त्यांचे खरे आडनाव नव्हे. नगरपालिकेच्या अनधिकृत भित्तिपत्रके निर्मूलन विभागात त्यांनी चौतीस वर्षे काढली. शहरातल्या भिंतींवरून त्यांनी जेवढे थोर चेहरे खाली उतरवले, तेवढे मतदारांनाही जमले नव्हते. विभागात नवा माणूस आला की पाते घेऊन थेट खरवडायला धावायचा, आणि भिजवे मागून शांतपणे म्हणायचे, "आधी ओलं करा." हे इतक्यांदा म्हटले गेले की खरे नाव मागे पडले. निरोप समारंभात साहेबांनीसुद्धा "श्रीयुत भिजवे यांची उणीव भासेल" असेच म्हटले आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. भिजव्यांनाही नाही.

सून टेबलाशी येऊन बसली. तिचा उजवा डोळा अर्धाच उघडत होता. बाहेरच्या कोपऱ्यात वरची पापणी खालच्या पापणीला चिकटली होती, आणि गोंदाचा एक ओघळ गालाकडे येऊन वाळला होता. काल तिच्या मैत्रिणीने ब्यूटी पार्लर उघडले. पहिले गिऱ्हाईक म्हणून हिला खुर्चीत बसवले, फुकट पापण्या लावल्या आणि सांगितले, "उद्या ये, मी काढून देते." मैत्रिणीचा फोन आता बंद होता. बाराच्या आत ती पार्लरवाली स्वतःच्याही पापण्या उघडत नसे.

आणि अकरा वाजता सुनेची डोळ्यांची तपासणी होती.

इमारतींच्या बांधकामावर उंच क्रेन असते, ती चालवायचे शिक्षण तिने अडीच महिने घेतले होते. लेखी झाले, हाताचे झाले, आता डोळे राहिले होते. लांबचे दिसते का, रंग ओळखता येतात का, डोळा निरोगी आहे का. डोळा लाल दिसला की परत पाठवतात, आणि पुढची तारीख सहा महिन्यांनी.

"एका झटक्यात ओढ," सासू म्हणाली. "काटा काढतात तसं. हळूहळू केलं की जास्त दुखतं."

"ओढलं आई. पाणी आलं डोळ्यातून. माझ्या स्वतःच्या तीन पापण्या निघाल्या, ती निघाली नाही."

मुलगा, म्हणजे तिचा नवरा, गाड्यांना रंग मारायच्या गॅरेजात कामाला होता. त्याच्या मते जगातला प्रत्येक प्रश्न हा थिनर कमी पडल्याचा प्रश्न होता. "थोडं थिनर लावू कापसाने. दोन मिनिटांत साफ."

"डोळ्याला?" भिजवे म्हणाले.

"डोळ्याला नाही, पापणीला."

"आणि त्या दोघांच्या मध्ये काय भिंत आहे?"

सुनेने टेबलावर गोंदाची नळी आणि तिच्याबरोबरची घडी केलेली चिठ्ठी ठेवली. भिजव्यांनी चष्मा बदलला. सरकारी माणूस असल्यामुळे त्यांनी चिठ्ठी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली, त्यात 'थंड व कोरड्या जागी ठेवा' हेही आले.

"रबराच्या चिकासारखा गोंद आहे," ते शेवटी म्हणाले. "कोमट पाण्याने आणि तेलकट पदार्थाने सैल होतो. ओढू नका. नखांचा रंग काढायचं औषध, थिनर, असलं काही जवळ आणू नका. तो झटपट सुकणारा कडक गोंद असता, तर मी नळी बंद करून तुला सरळ डॉक्टरकडे नेलं असतं. हा निघेल. फक्त डोळा मिटून करायला लागेल."

"मिटला की मला आरशात दिसणार कसं?"

हा प्रश्न रास्त होता, आणि त्यामुळे सगळे एकमेकांचे हात बघू लागले. नवऱ्याच्या हातांना थिनरचा वास होता. सासूच्या हातात अजून चप्पल होती.

"बाबा काढतील," सासू म्हणाली.

"बाबा?" मुलगा हसला. "उंचावर वारा असतो, ते बाबा?"

तीन महिन्यांपूर्वी क्रेनचा अर्ज घरात आला, तेव्हा सगळे एकाच वेळी बोलत होते, आणि भिजवे एकच वाक्य बोलले होते: "उंचावर वारा असतो." एवढेच. पण त्या तीन शब्दांचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला. बायकोने लावला की यांना हे पसंत नाही. मुलाने लावला की बायकांनी क्रेन चालवू नये. सुनेने काय लावला ते कळले नाही. ती फक्त त्या दिवसापासून "बाबा, चहा" आणि "बाबा, फोन" याखेरीज काही बोलली नव्हती. भिजव्यांनी खुलासा केला नाही. भिंतीवरचे काढणे त्यांना येत होते. तोंडातून गेलेले कसे काढतात, ते त्यांना कोणी शिकवले नव्हते.

आता या डोळ्याला काही झाले, तर मुद्दाम केले असेच सगळे म्हणणार, हे त्यांच्या लक्षात आले. तोंडाने कोणी म्हणणार नाही. पण म्हणणार.

"काढा बाबा," सून म्हणाली. आणि डोळे मिटले.

त्यांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. जुना, मऊ झालेला, स्वच्छ रुमाल कोमट पाण्यात बुडवला, पिळला, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिला. मग तो तिच्या मिटलेल्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"दाबायचा नाही. नुसता ठेवायचा. तीन मिनिटं."

"मग?"

"मग परत तीन मिनिटं."

मुलगा घड्याळ बघून गॅरेजला गेला. बायकोला एवढा वेळ काहीच न घडताना बघवेना, म्हणून ती भांडी घासायला गेली आणि तिथून कान देऊन बसली. भिजवे रुमाल गार झाला की पुन्हा बुडवत होते. खिडकीतून शेजारच्या इमारतीची मागची भिंत दिसत होती. तिच्यावर कशाची तरी जुनी जाहिरात अर्धवट राहिली होती, नुसते एक मनगट आणि घड्याळ. कोणीतरी घाईत काढली असणार.

"बाबा," सून डोळे मिटूनच म्हणाली, "उंचावर वारा असतो म्हणजे काय?"

मिटलेल्या डोळ्यांच्या माणसाशी बोलणे सोपे असते, हे भिजव्यांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळले.

"म्हणजे असतो," ते म्हणाले. मग रुमाल बदलता बदलता म्हणाले, "पुलाच्या खांबावर एकदा पोस्टर काढत होतो. शिडीवर, तिसऱ्या मजल्याइतका वर. कागद भिजला, सुटला, आणि वाऱ्याने उचलून माझ्याच तोंडावर बसवला. उमेदवाराचं तोंड माझ्या तोंडावर. ओला कागद, श्वास जेमतेम, दिसत काही नाही. आणि हात सोडता येत नाही, कारण हात सोडला तर शिडी सुटणार."

"मग?"

"मग काय. खालून साहेब ओरडले, 'तुम्ही प्रचार करताय की काम?'"

सुनेचे खांदे हलू लागले.

"हलू नको."

"हसवू नका मग."

"तसाच उभा होतो. वाळेपर्यंत. वाळल्यावर तो आपोआप उडून गेला." त्यांनी रुमाल उचलून पाहिले. "घरी कधी सांगितलं नाही. तुझा अर्ज आला तेव्हा तेच तोंडात आलं, पण त्यातलं शेवटचंच वाक्य बाहेर पडलं."

भांडी घासायचा आवाज थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

गोंद आता दुधाळ पांढरा झाला होता. कापसाच्या काडीवर थोडीशी व्हॅसलीन घेऊन त्यांनी ती गोंदाच्या रेघेवरून फिरवली, बाहेरच्या कोपऱ्यापासून आत, डोळ्यात जाणार नाही अशी. मग पुन्हा थांबले. विभागात त्यांचा एक नियम होता: वाऱ्याने आधीच सोडवलेला कोपरा शोधायचा, तिथून सुरुवात करायची, आणि भिंत अडली की आपण थांबायचे. कोपरा सापडला. काडी गोल गोल फिरवत त्यांनी पट्टी उचलली, अडली तिथे पुन्हा ओली केली, आणि दहा मिनिटांनी अख्खी खोटी पापणी, एकही केस न गळता, त्यांच्या तळहातावर आली. चौतीस वर्षांत एवढे अखंड पोस्टर त्यांनी एकदाही काढले नव्हते.

मग कातडीवरचा गोंद. खोडरबराचा चुरा निघावा तसा तो निघत गेला, आधी कोपरा, मग कड, मग गालावरचा ओघळ. सून म्हणाली, "उघडू?" आणि उघडला.

डोळा पूर्ण उघडला. सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, आकडे दिसत नाहीत. सगळं धुरकट आहे."

क्षणभर भिजव्यांना तो ओला कागद तोंडावर बसल्यासारखे झाले. पण तेव्हाही हात सोडले नव्हते. "दुखतंय? खुपतंय?"

"नाही. नुसतं धुरकट."

"तेलकट पडदा आलाय. आत थोडं गेलं असणार. साध्या पाण्याने धू, चोळू नकोस, पापण्यांची उघडझाप कर. पापणीच्या कडेला आईचा बाळांचा साबण लाव, एक थेंब."

"बाळांचा कशाला," आतून आवाज आला, "माझा आहे तो."

सून बाथरूममध्ये गेली. भिजवे कॅलेंडरसमोर उभे राहून स्वतःच एक डोळा झाकून आकडे वाचू लागले, जणू त्यांनी वाचले तर तिलाही दिसतील. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. पाव तासाने ती बाहेर आली, कॅलेंडरपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि डावा डोळा झाकून तिने महिन्याच्या सगळ्या तारखा वाचल्या, मग खालचे छापखान्याचे नावही वाचले. डोळा पांढरा स्वच्छ होता. पापणीची कड तेवढी गुलाबी.

"एक ठिपका राहिलाय," ती आरशात बघून म्हणाली. "नाकाकडच्या बाजूला. तोही काढा."

"तो राहू दे."

"दिसेल ना त्यांना."

"दिसू दे. ते डोळा तपासणार, गोंद नाही." भिजवे खुर्चीवर बसले. "एका शाळेची भिंत होती. वरून हुकूम, शंभर टक्के स्वच्छ. सगळं निघालं, एक तुकडा राहिला. मी तो खरवडला. त्याच्याखाली पोरांनी रंगवलेला सूर्य होता, तो पोपड्यासकट माझ्या हातात आला. मुख्याध्यापिकाबाई नुसत्या बघत राहिल्या. शंभर टक्क्यांचा अहवाल गेला. उरलेलं आपोआप पडतं, सुनबाई. आपल्याला धीर नसतो."

तिने ठिपक्याकडे आणखी एकदा पाहिले आणि आरसा सोडला. साडेदहाला ती फाईल घेऊन बाहेर पडली. जिन्यातून तिने एकदा वर पाहिले.

पुढचे दोन तास भिजवे यांनी वर्तमानपत्राचे एकच पान वाचले. या दोन तासांत त्यांनी मनातल्या मनात एक वाक्य तयार केले. ते बरेच लांब होते. त्यात उंची होती, वारा होता, स्वतःच्या भीतीला दुसऱ्याच्या वाटेत आडवे घालणाऱ्या माणसाविषयी दोन गंभीर विधाने होती, आणि शेवटी 'मला माफ कर' हे तीन शब्द होते. ते तीन शब्द जागेवर बसायला सर्वांत जास्त वेळ लागला.

साडेबाराला फोन वाजला.

"पास झाले बाबा. दोन्ही डोळे, रंगसुद्धा. डॉक्टरबाईंनी तो ठिपका पाहिला. म्हणाल्या, 'ज्याने काढलं त्याने बरं केलं, हा नाही काढला ते.'"

भिजवे यांनी घसा साफ केला, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि उभे राहिले, कारण ते वाक्य बसून म्हणण्यासारखे नव्हते.

"सुनबाई," ते म्हणाले, "तीन महिने एक गोष्ट तुझ्याशी—"

"बाबा, ते संध्याकाळी. आधी माझं ऐका. आई कुठे आहेत?"

"आहे इथेच. बाथरूमकडे निघालीय."

"मग लवकर जा. ती उजवी पापणी मी बाथरूमच्या आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलीय, जोडीतली एक तरी मैत्रिणीला परत करायचीय. आईंच्या हातात चप्पल यायच्या आत तेवढी काढून ठेवा. आणि बाबा, ओढू नका."