हरणाबाईचं केंदाळ

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात कोरेगावकडं कडबा मिळेनासा झाला, पण गावतळ्यात केंदाळ मात्र हिरवंगार माजलं होतं. जलपर्णीच्या त्या पानांखाली पाणी दिसत नव्हतं. ग्रामपंचायतीनं दवंडी दिली, केंदाळ काढील त्याचं.

कुणी हललं नाही. पुढं आली ती हरणाबाई. छप्पन्न साली बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातली, जमिनीचा तुकडा नाही, दावणीला एक म्हैस. डुंबताना ही म्हैस केंदाळाचे नुसते शेंडे खुडते, मुळांना तोंड लावत नाही, हे तिनं पाहून ठेवलं होतं.

ती आणि तिचा नवरा सिद्धू कमरेएवढ्या पाण्यात उतरले. केंदाळ ओढलं, धुतलं, मुळं छाटली, दोन दिवस उन्हात सुकवून कोयत्यानं बारीक केलं. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

पलटणीतून पेन्शनीत आलेले हंबीरराव काठावरून हसले. "हरणे, चिखल खायला जनावर येडं हाय व्हय?"

"येडं न्हाई आबा, चवीचं हाय!"

तिनं गुऱ्हाळातून काकवी आणली, कोंडा आणि चिमूटभर मीठ घालून कालवलं. म्हशीनं घमेलं लख्ख केलं, वर हरणाबाईचा काकवी लागलेला पदरही चाटला. सिद्धू हसता हसता खालीच बसला.

आठ दिवसांत दूध वाढलं नाही, पण आटलंही नाही. त्या उन्हाळ्यात तेवढंही लय होतं. नवव्या दिवशी हंबीरराव पाटी घेऊन दारात.

"हरणाबाई, माझ्या बैलांस्नी बी थोडं द्या की."

"बसा आबा. आधी च्या घ्या."

या घरात हंबीररावांनी कधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ते जरा घुटमळले, मग ओट्यावर टेकले आणि बशी भरून चहा प्याले. "गोड हाय," म्हणाले.

मग माणच्या मेंढरवाल्यांच्या गाड्याही केंदाळ विकत न्यायला येऊ लागल्या. कापायला, वाळवायला चार बाया लागल्या. आखाडापर्यंत तळं पार मोकळं झालं, आणि हरणाबाईपुढं पेच पडला.

"केंदाळ संपलं. आता गं?" सिद्धू म्हणाला.

"शेजारच्या गावाला लय त्रास हाय म्हनं त्याचा. जाऊन मागू."

हंबीररावांनी स्वतः बैल जुंपले. कोयती, घमेली, बाया घेऊन गाडी निघाली. टेकाड ओलांडताच खाली तळं दिसलं, या काठापासून त्या काठापर्यंत हिरवं. हरणाबाई धावत्या गाडीत उभी राहिली.

"आवं आबा, हाना जोरात! केवढं पिकलंय बघा!"