बाकी ओके

डाटा गेला, बाकी ओके... बोटभर पट्टीवर निळ्या बॉलपेनाने लिहिलेले चार शब्द, लॅपटॉपच्या झाकणावर तिरके चिकटवलेले, आणि पट्टीचा एक कोपरा आत्ताच सुटून वर आलेला. लेबल असं लावतात का? तारीख नाही, नाव नाही, लिहिणाऱ्याची सही नाही. अठरा वर्षं रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवणारी बाई ती. असली नळी समोर आली असती तर तिने आल्या पावली परत पाठवली असती. नमुना सांडला तर माणसाला पुन्हा टोचता येतं, पण चिठ्ठी गळून पडली की नळीतलं रक्त कुणाचंच राहत नाही – हे तिने लॅबमध्ये इतक्यांना ऐकवलं होतं की लोक तिच्या पाठीमागे तिच्याच आवाजात ते म्हणून दाखवायचे.

बाकी ओके म्हणे! बाकी उरलं काय? झाकण, बटणं, पडदा. घर जळून गेलं, कुलूप शाबूत आहे.

पण दुरुस्तीवाल्यावर खेकसायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती. मंगळवारी त्याने फोन करून रीतसर विचारलं होतं, "ताई, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. आत महत्त्वाचं आहे का काही?" आणि हिच्या एका हातात नळी, दुसऱ्यात पट्टी, फोन कान नि खांद्यात दाबलेला, शेजारी यंत्राची घरघर... तोंडातून आपोआप निघालं, "काही नाही हो."

काही नाही! दोनशे चौदा गाणी. कुठून चोरून उतरवलेली नव्हेत, आठेक वर्षांत एकेक करून, ऐकून, वाद घालून विकत घेतलेली. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर दुरुस्तीवाल्याला थँक यू म्हणायचं, हे फक्त मलाच जमतं.

सकाळी कामावर जायच्या आधी तिने गाण्यांच्या कंपनीला फोन लावला होता. बावीस मिनिटं कानात एकच सूर पिंगा घालत राहिला, मग एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, विकत घेतलेली गाणी कुठे जात नाहीत. तुमच्या खात्यात पुन्हा शिरा, सगळी परत उतरवून घ्या. खातं आपल्याच नावावर आहे ना?"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. खातं नवऱ्याच्या नावावर होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच ते उघडून दिलं होतं – दोघांचं एकच असू दे, वेगळी कशाला... दोघांचं वेगळं असं तेव्हा काही सुचतच नव्हतं.

"मग त्यांच्या फोनवर सहा आकडे जातील. दहा मिनिटांत टाकायचे."

"दुसरा मार्ग?"

"नाही मॅडम. आणखी काही मदत करू शकते?"

"काही नाही."

त्याला घर सोडून जाऊन चौदा महिने झाले होते. भांडण नाही, तंटा नाही, शेजाऱ्यांना कान लावून ऐकायलासुद्धा काही मिळालं नसेल. तो विचारायचा, काय झालं? स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, गाडीत, जेवताना घास तसाच ठेवून – काय झालं? आणि ती म्हणायची, काही नाही. त्यात खोटं तरी काय होतं? जे झालं होतं ते सांगण्याइतकं मोठं नसायचं, आणि न सांगण्याइतकं लहानही... एका रविवारी तो म्हणाला, "तुझ्याशी मी कितीही बोलेन गं, पण तुझ्या या 'काही नाही'शी मला आता बोलता येत नाही." दोन बॅगा भरल्या आणि गेला. तेव्हाही दारात वळून त्याने विचारलं होतं. आणि तेव्हाही तिने तेच उत्तर दिलं होतं.

"मागून टाक की सरळ," लॅबमधल्या मावशी म्हणाल्या. काचसामान धुता धुता सगळ्यांचे संसार विसळून काढायची त्यांना सवय होती. "सहा आकडे तर मागायचेत, जमीन नव्हे. अडला हरी..."

"पुढचं म्हणू नका."

"मी कुठे म्हटलं? गाढव तुझ्याच मनात आलं."

ती हसली. फोन हातात घेऊन लिहिलं: कसा आहेस. पुसलं. बरा असशील. पुसलं – हे काय, शाप आहे की आशीर्वाद? शेवटी: 'तुझ्या फोनवर सहा आकडे येतील. पाठव.'

लॅपटॉप तिने पिशवीत घालून लॅबमध्ये आणलाच होता, त्यावर खात्यात शिरायचं बटण दाबलं. आकडे अकराव्या मिनिटाला आले. मुदत दहा मिनिटांची. खाली लिहिलेलं, 'शिकवत होतो.' बरोबर आहे. तो गाडी चालवायला शिकवतो, शिकणारा स्टिअरिंगवर असताना फोनला हात लावत नाही. कुणा परक्याने गिअर नीट टाकावा म्हणून जीव मुठीत धरून शेजारी बसतो... या माणसाला धीर नव्हता असं कसं म्हणू मी? दुसऱ्यांदा सोळा मिनिटं लागली. तिसऱ्यांदा तिने दात आवळून विचारलं, 'मोकळा कधी?' उत्तर: 'साडेपाच.' म्हणजे हिने साडेपाचच्या आत धावतपळत घर गाठायचं, लॅपटॉप उघडून तयारीत बसायचं, आणि सहा आकड्यांसाठी मुहूर्त धरायचा. दिवसभर तिची चिडचिड होत राहिली. दोन पट्ट्या वाकड्या लागल्या, त्या खरवडून काढताना नखाखाली डिंक बसला, आणि बिचाऱ्या मावशींना विनाकारण एक टोमणा खावा लागला.

साडेपाचला, खरंच साडेपाचला, आकडे आले. ते तिने एका दमात टाकले.

गाणी उतरू लागली. एकामागून एक, निमूटपणे. आणि यादी वाचता वाचता तिच्या लक्षात आलं – ही आपली गाणी नव्हेत.

म्हणजे होती तीच. पण नावं कंपनीची होती. पानभर नुसते चंद्र, हृदयं आणि वाटा. त्या दोघांनी गाण्यांना ठेवलेली नावं लॅपटॉपबरोबर पुसली गेली होती: 'भांडी घासायचं', 'काकू रुसल्या', 'हे सकाळी नको', 'लिफ्ट बंद'. खरी नावं त्यांनी कधी वापरलीच नव्हती. "लिफ्ट बंद लाव ना," तो बाथरूममधून ओरडायचा, आणि हिचं बोट बरोबर त्या गाण्यावर जायचं. तिला हवं होतं ते 'चावी आत राहिली'. दार ओढलं गेलं, चावी आत, आणि किल्लीवाला येईपर्यंत दोघं दोन तास जिन्यात बसलेले, एकाच्या डाव्या कानात आणि एकाच्या उजव्या कानात तेच गाणं पुन्हा पुन्हा... चाल आठवत होती. पण दोनशे चौदांतून चाल शोधायची कशी? तिने एक चंद्र लावला. नाही. दुसरा लावला. तोही नाही. दोनशे चौदा नळ्या समोर आणि एकीवरही चिठ्ठी नाही – रडूच आलं तिला, रागाने, चक्क हुंदका देऊन.

डोळे पुसून तिने सवयीने आकडा पाहिला. दोनशे पंधरा.

पुन्हा पाहिला. मोजण्यात ती चुकत नसे. मग तिने यादी खरेदीच्या तारखेने लावली. सगळ्यात वर एकच गाणं, चार महिन्यांपूर्वीचं. तो गेल्यानंतरचं.

लावलं. एका बाईचा जाडसर आवाज, मागे कुणीतरी चुटक्या वाजवतंय. चुटक्या! त्याला चुटक्या सहन व्हायच्या नाहीत. 'काकू रुसल्या' विकत घ्यायचं त्यावरूनच तर किती दिवस अडलं होतं. मग हे कुणी आवडायला लावलं त्याला? की आपलं आपणच आवडलं? कुठे ऐकलं असेल – गाडीत, कुणाच्या घरी, एकट्याने चहा करताना? आणि नाव? नाव ठेवल्याशिवाय तो राहणार नाही, तिला पक्कं ठाऊक होतं. या गाण्याला तो काहीतरी म्हणत असणार, आणि ते जगात एका माणसाला सोडून कुणालाच माहीत नाही. तिला एवढं दुखलं की ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. गाणी परत हवीत, गाणी परत हवीत म्हणून दिवसभर जे डोकं पिकवलं होतं, ते गाण्यांसाठी नव्हतंच की काय?

फोन वाजला. 'आलं का?'

'आलं.'

मग: 'अजून काही?'

तिने 'क' लिहिला मात्र, फोनने पुढचं आपणहून पुरं केलं – काही नाही. इतक्या वर्षांत फोनलाही पाठ झालेलं. पाठवायला फक्त अंगठा टेकवायचा होता.

तिने अंगठा उचलला. मग 'नाही' पुसलं, एकेक अक्षर. चौकटीत 'काही' एवढंच उरलं, आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी उभी रेघ. चुटक्यांचं गाणं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि ती तशीच उभी राहून ऐकत राहिली.