शनिवारी थांबणारा घाणा

मी तेलाचा घाणा बोलतोय. मला फार बोलायची सवय नाही. फिरताना कुरकुरायचो, तेवढंच माझं बोलणं. पण माझ्याबद्दल एका जाड प्रबंधात खोटं लिहिलं गेलंय, म्हणून बोलतो.

एकोणीसशे बासष्ट साली चाकणमध्ये भिवा सुताराने मला चिंचेच्या खोडातून घडवलं. मालक हसाजी रोहेकर. कोकणातून आलेला, बेने इस्राएल समाजाचा, म्हणजे धर्माने ज्यू. त्याचे वाडवडील तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे. कोकणात त्यांना शनिवार तेलीच म्हणत.

पहिल्याच दिवशी हसाजीने माझ्या उखळावर हात ठेवला. म्हणाला, "सहा दिवस तुझे. सातवा त्याचा." आणि वर बोट केलं. मला ते पटलं.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तो बैलाच्या डोळ्यांवरची झापड सोडायचा. शनिवारी बैल रवंथ करायचा, मी गप्प. हसाजीचा मुलगा पिंपरीला कंपनीत होता. त्याला शनिवारीही शिफ्ट असायची. हसाजी म्हणायचा, "कंपनी त्याची नाही. घाणा माझा आहे."

एकदा शेजारचा दत्तोबा शनिवारी सकाळीच करडईचं पोतं घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचं लग्न होतं.

"हसाजी, मांडव घातलाय दारात. तेवढी करडई गाळून दे."

"सूर्य मावळला की जुंपतो."

"तवर आचारी थांबंल व्हय? पाया पडू का तुझ्या?"

"पडू नकोस. जमणार नाही."

दत्तोबाने पोतं उचललं. वर्षभर बोलला नाही. मग आपणहून परत आला आणि चार माणसांत म्हणाला, "खडूस हाय, पन शब्दाचा पक्का हाय." हसाजीची गावातली पत होती ती एवढीच. माझीही तीच.

हसाजीची नात रिबका. लहानपणी माझ्या आडव्या फळीवर बसून चकरा मारायची, शेंगदाण्याच्या पेंडीचा तुकडा चघळायची. पुढे विद्यापीठात गेली. ज्यू लोकांचा इतिहास आणि रीतिरिवाज यांवर प्रबंध लिहायला घेतला. सुट्टीला आली की हसाजीसमोर वही घेऊन बसायची. नवसाचा मलिदा कसा करतात, त्यात एलियाहू पैगंबराचं नाव कधी घेतात, शनिवार का पाळतात, सगळं विचारायची. हसाजी तिसरीपर्यंत शिकलेला. पण माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "आता आपल्याला विद्यापीठ ओळखणार." मीही फुशारलो होतो.

ऐंशी साली तिचे सर कॅमेरा घेऊन आले. शनिवारीच आले. हसाजी आत प्रार्थनेला बसला होता.

"घाणा चालताना पाहिजे," सर म्हणाले. "उभ्या घाण्याचा फोटो मेल्यासारखा दिसतो."

"सर, आज शनिवार आहे."

"फोटोत वार दिसतो का? मला परत यायला सवड नाही."

रिबकाने घराच्या दाराकडे पाहिलं. मग बैल जुंपला. बैल हलेना. त्यालाही वार ठाऊक होता. तिने चाबूक मारला. ज्या पोरीला मी अंगावर खेळवलं, तिनेच मारला.

मी तीन चकरा फिरलो. जेवढं कुरकुरता येईल तेवढं कुरकुरलो.

हसाजी बाहेर आला. डोक्यावर टोपी, हातात प्रार्थनेचं पुस्तक. कुंपणाशी दत्तोबा उभा होता.

"माझ्या लेकीच्या लग्नाला शनवार आडवा आला," दत्तोबा म्हणाला. "फोटूला न्हाई आला व्हय, हसाजी?"

हसाजीने मान खाली घातली. अठरा वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी रिबका बांधलेला प्रबंध घेऊन आली. पहिल्या पानावर आजोबांचे आभार होते. हसाजीने ते ऐकलं आणि माझ्या फोटोचं पान उघडायला सांगितलं.

"खाली काय लिहिलंय?"

रिबकाने हळू आवाजात वाचलं, "हा घाणा शनिवारी कधीही चालवला जात नाही."

"फोटो कोणत्या वारी काढला, ते लिहिलंय?"

तिने प्रबंध मिटला.

तो बुधवार होता, कामाचा दिवस. हसाजीने माझी लाट, उखळात फिरून दाणे रगडणारा तो लाकडी सोट, उपटून भिंतीला टेकवली आणि बैल मोकळा केला. म्हणाला, "आता सगळे वार सारखेच." त्यानंतर माझ्यात एक दाणा पडला नाही. गाव मशीनचं तेल खातं. माझ्या उखळात कोंबडी अंडी घालते.

आता विद्यापीठाला मी संग्रहालयासाठी हवा आहे. कागदावर सही घ्यायला रिबका आली होती. हसाजी म्हणाला, "मला नको विचारू. त्याला विचार." ती माझ्यापाशी आली, उखळावर हात ठेवला आणि रडली. पण विचारलं नाही.

तर न विचारताच सांगतो. रिबका, मी येतो. पण आधी त्या फोटोखाली खरं लिही. शनिवार लिही. तीन चकरा लिही. चाबूक कोणी मारला तेही लिही. ते दत्तोबाला वाचून दाखव, आजोबा शेजारी असताना.

आणि तुमचं संग्रहालय शनिवारी उघडं असतं म्हणे. त्या दिवशी माझ्यावर चादर टाकत जा. सहा दिवस मला कोणीही बघा. सातवा तुमचा नाही.